मोबाइल क्रमांक : खात्याची नवी किल्ली

खातेदाराच्या व्यवहारांविषयी बँकेने मौन पाळावे, हा बँक व्यवसायातील फार जुना संकेत आहे. या संकेताला निश्चित कायदेशीर रूप देणारा निकाल इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९२४ मध्ये दिला. टूर्निए नावाच्या खातेदाराच्या खात्यावर साडेनऊ पौंडांच्या आसपास जादा उचल झाली होती आणि ती फेडण्यासाठी ठरलेले साप्ताहिक हप्ते त्याने थकविले होते. त्याच्या घरचा पत्ता मिळावा म्हणून शाखा व्यवस्थापकाने तो जेथे नोकरी करीत होता त्या कंपनीला दूरध्वनी केला. बोलण्याच्या ओघात खात्यावर येणे असल्याचे व्यवस्थापक सांगून गेला. शिवाय हा गृहस्थ पैजांवर पैसे उधळीत असावा, अशी शंकाही त्याने व्यक्त केली. टूर्निए याच्या नोकरीची मुदत पुढे वाढविली गेली नाही. गोपनीयता पाळणे हा बँक आणि खातेदार यांच्यातील कराराचाच, लिहिलेला नसला तरी गृहीत धरलेला, भाग आहे, असे न्यायालयाने ठरविले. कायद्याची सक्ती, सार्वजनिक कर्तव्य, बँकेचे स्वतःचे हित आणि खातेदाराची संमती एवढेच चार अपवाद त्याने मान्य केले. शंभर वर्षांपूर्वीही गुपित फुटले ते दूरध्वनीवरूनच, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

भारतात बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वेळी हेच तत्त्व १९७० च्या बँकिंग कंपन्या (उपक्रमांचे संपादन व हस्तांतरण) अधिनियमाच्या कलम १३ मध्ये समाविष्ट करण्यात आले. बँकेने आपल्या खातेदारांच्या कारभाराविषयी कोणतीही माहिती, कायद्यानुसार किंवा बँक व्यवसायाच्या रूढ पद्धतीनुसार आवश्यक असल्याशिवाय, उघड करू नये, असे हे कलम सांगते. सेवेत रुजू होताना प्रत्येक कर्मचारी निष्ठा व गोपनीयतेच्या घोषणापत्रावर स्वाक्षरी करतो, ती याच तरतुदीला अनुसरून.

हा कायदा झाला त्या काळी खातेदाराची माहिती जाडजूड खातेवहीत असे, आणि संध्याकाळी कामकाज संपले की खातेवही कुलपाआड जाई. माहिती कोठे आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, हे शाखेतील शिपायालाही ठाऊक असे. आज खातेवहीची जागा दूरवरच्या संगणकांनी घेतली आहे आणि त्यांच्याभोवतीचा बंदोबस्त पूर्वीच्या तिजोरीपेक्षा निश्चितच कडेकोट आहे. किल्ली मात्र बँकेच्या इमारतीतून बाहेर पडली. ती खातेदाराच्या खिशात, दहा अंकी मोबाइल क्रमांकाच्या रूपाने, वावरत आहे. आणि ती किल्ली आहे याची जाणीव बहुसंख्य खातेदारांना अद्याप झालेली नाही.

किल्ली कशी चालते

यूपीआय ही व्यवस्था भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ मध्ये सुरू केली. तिचे अ‍ॅप एखाद्या फोनवर प्रथम बसविले जाते, तेव्हा ते त्या फोनमधील सिममधून आपणहून एक एसएमएस पाठविते. तो कोणत्या क्रमांकावरून आला हे पाहून पलीकडची यंत्रणा फोन आणि क्रमांक यांची सांगड घालते आणि त्या क्रमांकाशी जोडलेली खाती पडद्यावर मांडते. पुढे गुप्त पिन ठरविण्यासाठी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, त्याच्या मुदतीचा महिना-वर्ष आणि त्याच मोबाइल क्रमांकावर आलेला ओटीपी एवढे पुरते. यांपैकी कार्डावरचे अंक कार्डावरच छापलेले असतात. म्हणजे खातेदाराची ओळख पटविण्याच्या या साऱ्या प्रक्रियेत क्रमांकाची साक्ष दोनदा काढली जाते आणि कार्डाची एकदा. स्वाक्षरीचा नमुना, परिचित चेहरा, पासबुक यांचा प्रश्नच येत नाही.

व्यवस्थेला दोष देण्यासाठी हे सांगितलेले नाही. शाखेपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर राहणाऱ्या शेतकऱ्याला आणि परराज्यात मजुरीसाठी गेलेल्या कामगाराला याच साधेपणामुळे बँक हाताशी आली. परंतु ज्या वस्तूवर इतका भार टाकला आहे ती वस्तू नेमकी कोणाची, हा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो.

मोबाइल क्रमांक खातेदाराच्या मालकीचा नसतो. तो दूरसंचार कंपनीकडून वापरापुरता मिळालेला असतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार प्रीपेड क्रमांक ९० दिवस काहीच वापरला गेला नाही आणि त्यात वीस रुपयांहून कमी शिल्लक असली, तर कंपनी तो बंद करू शकते. बंद झालेला क्रमांक आणखी किमान ९० दिवस बाजूला ठेवला जातो आणि मग एखाद्या नव्या ग्राहकाला दिला जातो. क्रमांकांचा साठा मर्यादित असल्याने यात गैर काही नाही. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढेही गेले होते. आपला जुना क्रमांक बंद झाल्यावर त्याच्याशी जोडलेल्या माहितीचा गैरवापर होऊ नये यासाठी काळजी घेणे हे ग्राहकाचेच काम आहे, अशी भूमिका न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतली.

समजा, एका गृहिणीच्या बचत खात्याला तिच्या मुलाचा महाविद्यालयीन काळातील क्रमांक जोडलेला आहे. मुलाने नोकरी लागल्यावर नवा क्रमांक घेतला, जुन्यात पैसे भरणे सोडून दिले. सहा-आठ महिन्यांनी तो क्रमांक सर्वस्वी परक्या माणसाच्या हाती गेला. आता त्या माणसाला दर महिन्याला एक संदेश येतो : कोणत्या बँकेत, कोणत्या अंकांनी संपणाऱ्या खात्यात, किती रक्कम जमा झाली आणि शिल्लक किती. त्याने काही लबाडी केलेली नाही. कदाचित तोच या संदेशांनी त्रासला असेल. पण खातेदाराचे गुपित मात्र महिन्याच्या महिन्याला फुटत आहे, आणि ते कोणी चोरलेले नाही म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. तो माणूस सज्जन नसला, तर त्याला हव्या असलेल्या गोष्टींपैकी सर्वांत अवघड गोष्ट आधीच त्याच्या हाती आलेली असते. मोबाइल बँकिंगच्या धोक्यांविषयी जेवढे लिहिले-बोलले जाते त्यात हा धोका बहुधा सर्वांत दुर्लक्षित आहे.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाद्वारे बँकांना, बंद झालेल्या क्रमांकांच्या यादीशी आपल्या नोंदी ताडून पाहण्यास सांगितले. यूपीआयच्या संदर्भात ही पडताळणी किमान आठवड्यातून एकदा व्हावी, असा दंडक त्याच वर्षी घालण्यात आला. तथापि यादीवरून बँकेला क्रमांक बंद झाल्याचे कळते. नवा कोणता, हे खातेदाराने येऊन सांगितल्याशिवाय कळत नाही. परदेशी गेलेले नोकरदार, वर्षातील सात-आठ महिने समुद्रावर असणारे खलाशी, हंगामी कामगार यांनी तर निघण्यापूर्वी पासपोर्टाइतकीच काळजी या एका नोंदीची घ्यावयास हवी.

सिम गेले की

क्रमांक जिवंत असतानाच तो पळविण्याचाही प्रकार आहे. सिम हरविल्याची बतावणी करून, बनावट कागदपत्रे दाखवून, चोर त्याच क्रमांकाचे दुसरे सिम मिळवितो. नवे सिम सुरू होताच खऱ्या ग्राहकाचा फोन मुका होतो. या मुकेपणाकडे लोक दुर्लक्ष करतात. टॉवर गेला असेल, पावसामुळे असेल, असे समजून रात्र काढतात; चोराला तेवढी रात्र पुरते. घरातील इतरांच्या त्याच कंपनीच्या फोनना सिग्नल आहे आणि आपल्यालाच नाही, असे दिसले की दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीशी आणि बँकेशी ताबडतोब बोलावे. सिम बदलल्यानंतर सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येऊ नये, असा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला, तो याच चोरीला पायबंद घालण्यासाठी. आपल्या नावावर आपल्याला ठाऊक नसलेली सिम कार्डे चालू आहेत काय, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर पाहता येते. एकदा पाहून ठेवण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

सांगणे आणि वाचणे

‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ ही सूचना बँकांनी इतक्या वेळा दिली आहे की ती आता कानांवर पडते आणि घरंगळून जाते. सूचना अचूकच आहे. अडचण अशी की, अलीकडच्या पुष्कळ फसवणुकींत ओटीपी विचारलाच जात नाही. तो परस्पर वाचला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका, वाहनाचा दंड किंवा वीजबिल अशा नावाची एक फाइल येते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ही पत्रिका नसून एक अ‍ॅप असते, आणि ते अधिकृत अ‍ॅप-दुकानाच्या बाहेरून आलेले असल्याने त्याची कोणतीही तपासणी झालेली नसते. उघडताना ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. घाईत ‘अनुमती द्या’ असे दाबले गेले की त्यानंतर येणारा प्रत्येक संदेश, ओटीपीसह, दूरच्या कोणाच्या तरी पडद्यावर उमटू लागतो. असा खातेदार शाखेत येऊन ‘मी कोणालाही काही सांगितले नाही’ असे कळवळून सांगतो, तेव्हा तो खरेच बोलत असतो. समोरच्या कर्मचाऱ्याने त्याच्याकडे संशयाने पाहण्यापूर्वी हे आठवणे न्यायाचे होईल.

परवानगीचा हाच प्रश्न कर्ज देणाऱ्या अ‍ॅपच्या बाबतीत अधिक विदारक स्वरूपात पुढे आला. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ मध्ये सादर केलेल्या अहवालात, त्या वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांत भारतीय ग्राहकांना उपलब्ध असलेल्या सुमारे ११०० कर्ज-अ‍ॅपपैकी ६०० बेकायदेशीर असल्याचे नमूद करण्यात आले होते. त्यांची पद्धत सरळ होती. दोन-चार हजार रुपयांचे कर्ज काही मिनिटांत द्यायचे, देताना फोनमधील सर्व नावांची यादी आणि छायाचित्रे उचलायची, आणि हप्ता चुकताच त्या यादीतील सासऱ्यापासून कार्यालयातील वरिष्ठापर्यंत सर्वांना फोन करून कर्जदाराची अब्रू काढायची. टूर्निए याच्या व्यवस्थापकाने अनवधानाने एका ठिकाणी जे केले, तेच येथे हेतुपुरस्सर दोनशे ठिकाणी केले जाई. या छळाने काहींनी जीव दिला. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी करून, अधिकृत संस्थांच्या वतीने कर्ज देणाऱ्या अ‍ॅपना फोनमधील संपर्क-यादी, फाइली व छायाचित्रे आणि कॉलच्या नोंदी यांना हात लावण्यास मनाई केली. कॅमेरा, ध्वनिग्राहक किंवा ठिकाण यांचा उपयोग ओळख पटविण्यापुरता, एकदाच आणि स्पष्ट संमतीने करता येतो. २०२५ च्या निर्देशांतही हे बंधन कायम राहिले. त्यामुळे खातेदारासाठी ओळखण्याची एक सोपी खूण तयार झाली आहे : कर्ज देण्यासाठी जे अ‍ॅप संपर्क-यादी मागते, ते त्या मागणीनेच आपण नियमबाह्य असल्याचे जाहीर करते.

क्रमांक हाच पत्ता

आणखी एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. बऱ्याच यूपीआय अ‍ॅपमध्ये खातेदाराचा देयक-पत्ता त्याच्या मोबाइल क्रमांकापासूनच तयार झालेला असतो. दुकानात वीस रुपयांची कोथिंबीर घेतली तरी हा पत्ता समोरच्याच्या नोंदीत उतरू शकतो. उलट, एखाद्याचा क्रमांक अ‍ॅपमध्ये घातला की त्याचे बँकेत नोंदलेले नाव दिसते. पैसे चुकीच्या माणसाला जाऊ नयेत म्हणून ही सोय आवश्यक आहे. पण अनोळखी माणसाच्या तोंडी आपले पूर्ण नाव ऐकून ‘हा बँकेतूनच बोलत असणार’ असे समजणाऱ्यांनी ते नाव मिळविणे किती सोपे आहे हे जाणून घ्यावे. नाव, क्रमांक आणि बँक ठाऊक असणे हा बँकेचा प्रतिनिधी असल्याचा पुरावा होत नाही. अ‍ॅपमध्ये क्रमांकविरहित पत्ता निवडता येतो. विशेषतः एकट्या राहणाऱ्या किंवा घरून व्यवसाय करणाऱ्या महिलांनी तो अवश्य निवडावा. बँकांनी सेवाविषयक फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, असे २०२५ मध्ये ठरविण्यात आले, आणि बँकांची संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली आणण्यात आली. खरे-खोटे ओळखण्यास या दोन्ही खुणांची मदत होते.

कागदाबद्दल थोडेसेच. आधार कार्डाची संपूर्ण छायाप्रत देण्याऐवजी शेवटचे चारच अंक दाखविणारी प्रत अनेक ठिकाणी चालते, आणि ती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळते. निवासगृहाच्या नोंदवहीसाठी तर तिच्याहून अधिक काही देण्याची गरज नाही.

शाखेतील मेजावर

आतापर्यंतचे विवेचन खातेदारांना उद्देशून झाले. परंतु किल्लीची नोंद ठेवणारे हात बँकेचेच आहेत. खाते उघडण्याची मोहीम जोरात असते तेव्हा अर्जातील मोबाइलचा रकाना रिकामा राहू नये म्हणून कोणाचा तरी, बहुधा बरोबर आलेल्या माणसाचा, क्रमांक लिहून टाकला जातो. त्या क्षणी काम पुढे सरकते. पण ज्याचा क्रमांक लिहिला त्याच्या हाती दुसऱ्याच्या खात्याची किल्ली दिली गेली, याची नोंद कोठेही होत नाही. क्रमांक बदलण्याचा अर्ज हा चेकबुकाच्या अर्जासारखा किरकोळ समजला जातो. वास्तविक तो तिजोरीचे कुलूप बदलण्याचा अर्ज आहे. अर्जदाराची ओळख नव्याने पटविणे, जुना क्रमांक चालू असल्यास त्यावर सूचना पाठविणे, आणि गर्दी असतानाही यांपैकी काही न गाळणे, यासाठी लागणारा वेळ वाया गेलेला वेळ मानू नये. तद्वतच मंजुरी लवकर मिळावी म्हणून खातेदाराच्या कागदपत्रांचे फोटो स्वतःच्या फोनने काढून कार्यालयीन गटावर टाकण्याची सवय. हेतू चांगला असतो, ग्राहकही खूश होतो; फोटो मात्र पंधरा-वीस फोनमध्ये कायमचे राहतात. खिडकीवर क्रमांक मोठ्याने विचारून मोठ्याने उच्चारणे हे तर रोजचेच झाले आहे.

एवढी दक्षता घेऊनही पैसे गेलेच, तर वेळेला विलक्षण महत्त्व असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवून दिले की, दोष बँकेचाही नाही आणि खातेदाराचाही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत खातेदाराने बँकेला कळविले, तर त्याच्यावर काहीही जबाबदारी येत नाही; चार ते सात दिवसांत कळविल्यास ती मर्यादित राहते. खातेदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकण्यात आला. पण ही सारी गणना सुरू होते ती बँकेचा संदेश खातेदाराला मिळाल्यावर, आणि संदेश जातो तो नोंदविलेल्या क्रमांकावर. क्रमांक जुना असेल तर संरक्षणाचा आधारच डळमळतो. बँकेबरोबरच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावरही लगेच कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात थांबविता येणे हे प्रामुख्याने तेथे किती लवकर कळविले यावर अवलंबून असते.

गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने मान्य केले. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, अंकीय व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि प्रमुख जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. माहिती सुरक्षित राखण्यात कसूर करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे, आणि वृत्तपत्रांचे मथळे त्या आकड्याभोवतीच फिरले. सामान्य खातेदाराच्या दृष्टीने त्यातील लहान तरतुदी अधिक मोलाच्या आहेत. संमतीची सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचावयास मिळण्याचा पर्याय असला पाहिजे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती काढून घेणे सोपे असले पाहिजे. सेवेसाठी आवश्यक नसलेल्या माहितीपुरती संमती, दिली असली तरी, ग्राह्य धरली जाणार नाही. आणि हे समजाविण्यासाठी कायद्यानेच उदाहरण दिले आहे ते फोनवरून वैद्यकीय सल्ला देताना संपर्क-यादी मागणाऱ्या एका अ‍ॅपचे.

याच कायद्यात नामनिर्देशनाचाही अधिकार आहे. आपल्या मृत्यूनंतर किंवा आपण असमर्थ झाल्यास आपल्या माहितीविषयीचे अधिकार कोणी बजावावेत, हे व्यक्तीला ठरविता येईल. बँकांना नामनिर्देशनाची सवय जुनी आहे. पण मृत खातेदाराच्या फोनबाबत कुटुंबांत मोठा गोंधळ आढळतो. काही घरांत त्याच फोनवरून, ठाऊक असलेल्या पिनने, महिनोन्‌महिने व्यवहार चालू राहतात. ते कायद्याला धरून नाही, आणि पुढे वारसांमध्ये वाद उद्भवला तर ज्याने घरखर्चासाठी पैसे काढले त्याच्यावरच बालंट येते. याउलट काही घरांत तेराव्याच्या आतच सिम बंद केले जाते. मग विमा, निवृत्तिवेतन, गॅसजोडणी यांचे ओटीपी कोठेच पोहोचत नाहीत. मृत्यूचा दाखला हाती आल्यावर प्रथम बँकेला कळवून खात्यावरील यूपीआय व मोबाइल बँकिंग बंद करून घ्यावे, नंतर नामनिर्देशित व्यक्तीने दाव्याचा अर्ज आपल्या स्वतःच्या क्रमांकासह द्यावा, इतर सेवांतील नोंदी एकेक करून बदलाव्यात, आणि त्या क्रमांकाचे सिम सर्वांत शेवटी परत करावे.